एक नग मागे ठेवायचा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि त्याचं कारण सरळ आहे. जळगाव ते धुळे रस्त्यावरची निम्मी भुतं मीच तयार केलेली आहेत. पाळधीच्या पुढे हात दाखवणारी पांढऱ्या लुगड्यातली बाई माझी. एरंडोलजवळ ट्रकच्या मागे धावणारा बिनमुंडक्याचा बैलही माझाच. तो मी एका क्लीनरला चहा पिता पिता सांगितला होता. सहा महिन्यांनी तोच बैल मला एका चांगल्या शिकल्या-सवरलेल्या मास्तरांनी 'मी डोळ्यांनी पाहिला' म्हणून शपथेवर परत सांगितला. मी मान हलवत ऐकून घेतला... आपला माल बाजारात चालतोय म्हटल्यावर कोण कशाला बोलेल?

तर मी असा माणूस. जळगावात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. समोर लोक मला पल्हादभाऊ म्हणतात आणि पाठ वळली की पल्हाद थापाड्या. म्हणूनच या सदरात लिहायचं इतकी वर्षं टाळलं. आयुष्यभर थापा मारलेल्या माणसाला एकदाच खरं सांगायचं असलं की त्याची काय अवस्था होते, ते तुम्हाला कळणार नाही. पण ज्यांच्यासाठी गप्प बसलो होतो ते आता नाहीत. तेव्हा लिहितो. यात मीठमसाला घातलेला नाही... निदान जिथे महत्त्वाचं आहे तिथे तरी नाही.

एकोणनव्वद सालची गोष्ट. कपाशीची वेचणी संपत आली होती, म्हणजे आमच्याकडे बाभळींना कापूस लागायचे दिवस. ट्रक इतके उंच भरतात की रस्त्याकडेची प्रत्येक बाभूळ आपला वाटा ओरबाडून घेते. बाहेरच्या माणसाला वाटावं, खानदेशात कापूस झाडावरच पिकतो.

त्या दिवसांत माझ्या गॅरेजात धरणगावच्या नानांची गाडी उभी होती. नाना म्हणजे जिनिंगवाले. पासष्टी ओलांडलेले, उंच, आणि दम्याचे. त्यांचा खोकला फार वेगळा होता. तीन वेळा कोरडा, मग एक लांब श्वास, आणि शेवटी 'हं' — जणू स्वतःच्याच खोकल्याला होकार देताहेत. गाडी त्यांच्या वडिलांनी पन्नासच्या दशकात मुंबईहून आणलेली, काळी, विलायती. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या मासिकाच्या वाचकांत जाणकार फार. मूळ गोष्ट राहील बाजूला आणि बोनेटच्या आकारावरून पत्रं यायला लागतील.

बावीस वर्षं ती शेडमध्ये पडून होती. उंदरांनी वायरिंगचा वंश बुडवला होता. इंजिन, पत्रा, गाद्या सगळं नानांनी ठिकठिकाणी फिरून मूळचं होतं तसं करून घेतलं, आणि शेवटी गाडी माझ्याकडे आली. वायरिंग केली. रेडिओ व्हॉल्व्हचा होता, तापायला अर्धा मिनिट घ्यायचा, तोही मी जिवंत केला. राहिलं फक्त एरियल. डाव्या मडगार्डवर त्याचं नुसतं भोक होतं.

मी म्हणालो, "नाना, मुंबईचं नवं एरियल मागवतो. चकचकीत. वरून जाणारं विमान पकडेल."

"विमान नको," नाना म्हणाले. "आबा पकडायचाय."

आणि मग त्यांनी सांगितलं. आबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. तरुणपणी दोघं याच गाडीतून गावोगाव फिरायचे, आणि रेडिओ आबांनी हौसेनं बसवून घेतलेला. पुढे वाटण्या झाल्या. गाडी नानांकडे आली. आबा म्हणाले, गाडी ठेव, पण रेडिओ माझा. शब्दानं शब्द वाढला. नाना तेव्हा तापट. त्यांनी एरियल मुठीत धरून बुडापासून मोडलं आणि भावाच्या पायांशी टाकलं. "घे तुझा रेडिओ." आबांनी ते उचललंही नाही. बायको-पोरं घेऊन धुळ्याला गेले, देवपुरात घर केलं. त्यानंतर दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत.

"आता अंथरुणावर आहे," नाना म्हणाले. "साखरेनं डोळे नेले. मी निरोप धाडला, भेटायला येऊ का? तर उलट निरोप काय आला माहीत आहे? गाडी होती तशी घेऊन ये, तारेसकट. नाहीतर तोंड दाखवू नको. तसंही मला दिसत नाहीच."

"मग त्यांना काय कळणार, नाना, नवं का जुनं?"

"बोटानं बघतो तो. लहानपणापासून. बाजारात केळीचा घड बोटानं बघून सांगायचा कधी पिकेल ते. त्या एरियलच्या बुडाशी काळं कडं होतं, त्याच्यावर बारीक रेघा. गाडीत बसण्याआधी त्याच्यावर बोट फिरवायची सवय होती त्याला. देवाला हात लावावा तशी." मग खोकले. तीन वेळा, श्वास, 'हं'. "मी ते मोडलं, पल्हाद. ते परत त्याच्या हाताला लागायला पाहिजे. एवढंच काम राहिलंय माझं."

आता अशा वेळी माणूस नाही कसं म्हणणार? त्या एरियलसाठी मी इतका हिंडलो की पाचोऱ्याच्या स्टेशनातली कुत्री मला ओळखून शेपट्या हलवायला लागली. जळगाव झालं, भुसावळ झालं, धरणगावच्या विहिरीत तेवढं उतरायचं राहिलं. शेवटी धुळ्याला एका भंगारवाल्याचा पत्ता लागला. त्याला सगळे भिकनमामा म्हणायचे. सत्तरीचा म्हातारा, अंगात मळकी बंडी, आणि बोलायला बसला की अस्सल अहिराणी.

त्याच्या वाड्यात अगदी मागे, भिंतीला नाक लावून, तीच गाडी उभी. तोच साचा, तोच काळा रंग. उजवी बाजू कागद चुरगळून टाकावा तशी. डावी बाजू मात्र कारखान्यातून आत्ता आल्यासारखी. आणि डाव्या मडगार्डवर एरियल... तीन पेरांचं, टोकाला मणी, बुडाशी रेघांचं काळं कडं. मला तर ते बघून रडूच आलं. बरं, रडू नाही, पण डोळे चुरचुरले.

मामा म्हणाला, "काढी ले. पन बठ्ठं काढू नको. एक नग मांगे ऱ्हाऊ दे."

मला हे नवीन नव्हतं. भंगारवाल्यांत ही रीत आहे. ज्या गाडीत माणूस गेलं, तिचं सामान सुटं करताना प्रत्येक वस्तूतला एक नग गाडीवरच ठेवतात. स्टिअरिंग काढलं तर एक बोल्ट, दिवा काढला तर एक स्क्रू. मला आपलं वाटायचं, हा आळस आहे आणि त्याला धर्माची टोपी घातली आहे. म्हणून विचारलं, असं का?

"सामानले कळाले जोयजे, आपली गाडी आठे उभी शे म्हनीसन," मामा म्हणाला. "बठ्ठं उचली लई गया तं ते आपली वाट पुरी कराले जास."

"सगळं नेलं तर सामान वाट पुरी करायला जातं? कोणती वाट?"

"जी अर्धी ऱ्हायनी ती." त्यानं गाडीच्या चुरगळलेल्या बाजूकडे बघितलंही नाही. "जळगावथीन निंघना व्हता मानूस. देवपूरले कोनले तरी लेवाले जाई ऱ्हायंता. मुकटीना फुडे वळन शे ना, तठे ट्रक."

म्हणजे जळगावहून निघालेला माणूस, देवपुरात कोणाला तरी घ्यायला चाललेला, मुकटीच्या पुढच्या वळणावर संपला. मामाला त्याहून जास्त माहीत नव्हतं, आणि मीही खोदलं नाही. काळं कडं गाडीवर ठेवलं, बाकी एरियल काढून आणलं, आणि जळगावात कड्याच्या जागी नव्या रबराचा वायसर घालून फिट केलं. रेडिओ लावला. जळगाव केंद्र असं लागलं, जणू निवेदक माझ्या मांडीवर बसून बोलतोय.

दुसऱ्या दिवशी नाना आले. एरियल लांबूनच बघितलं. मग वाकले, बुडाशी बोट फिरवलं, आणि सरळ झाले.

"कडं कुठे आहे?"

मी रीत सांगितली. नाना हसले. "पल्हाद, तुझं बोलणं मी नेहमी गाळून घेतो. गाळल्यावर यात काहीच उरत नाही. कडं आण."

इथे माझी चूक सांगतो. ही गाडी मूळची करायचं एकदा डोक्यात बसलं की माणसाला वेड लागतं. नानांना लागलं होतं आणि खरं तर मलाही लागलं होतं. नव्याण्णव टक्के जमलेली वस्तू नुसती न जमलेल्या वस्तूपेक्षा जास्त छळते. मी परत धुळ्याला गेलो. मामा जेवायला घरी गेला होता. मी कडं उचकटलं, आणि... इथे माझी हुशारी बघा... रिकाम्या जागी खिशातला एक दुसरा वायसर ठेवून दिला. नग तर नग. मोजणाऱ्याला मोजता आला म्हणजे झालं.

त्याच संध्याकाळी कडं बसवलं. हुबेहूब. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला रेडिओ लावला, तर स्टेशन लागेना. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. सगळीकडे एकच आवाज. गाडीचा.

बाहेरून ऐकू येणारा नाही, आत बसल्यावर येतो तसला. इंजिन, गिअर, खिडकीचा वारा. मला वाटलं, कुठला तरी डिस्टर्बन्स. पण तीस वर्षं गाड्यांच्या आवाजावर पोट भरलेला माणूस मी. डोळे बांधून बसवलं तर कोणती गाडी कोणत्या रस्त्यावर आहे सांगेन. ही थाप नाही. थोड्या वेळानं धडक-धडक, धडक-धडक असे ठरावीक अंतराचे ठोके आले. तो गिरणेचा पूल होता. पुलाचे जोड मी आयुष्यात हजार वेळा ओलांडलेत. मग पाळधीचा खडबडीत पट्टा. मग एरंडोलच्या बाजाराचा गलका, आणि तिथे खरखर होऊन सगळं थांबलं. काटा जिथे होता तिथे जळगाव केंद्र लागलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी कारागिरांना सुट्टी दिली, शटर अर्धं ओढलं आणि गाडीत बसलो. दोन तास हललो नाही. एरंडोल गेलं. पारोळा गेला. मुकटी गेली. आणि या वेळी मी नीट ऐकलं... मागच्या उजव्या दाराची काच खुळखुळत होती. ती काच मी दोन दिवसांपूर्वी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबून अर्धवट बसवली होती. तिचा खुळखुळाट मला माझ्या बायकोच्या बांगड्यांसारखा पाठ. म्हणजे ती मामाच्या वाड्यात भिंतीला टेकलेली गाडी नव्हती. मी ज्या गाडीत बसून ऐकत होतो, तीच होती.

मुकटीच्या पुढे, त्या वळणाच्या अलीकडे, इंजिन एकदम बंद पडलं. आदळआपट नाही, ब्रेक नाही. नुसतं गेलं. टायर खडीवर घरंगळत थांबले. मग शांतता. आणि त्या शांततेत कोणी तरी खोकलं. तीन वेळा कोरडं, लांब श्वास, आणि 'हं'.

मी रेडिओ बंद केला.

त्या रात्रीच ठरवलं, कडं काढायचं आणि मामाच्या पायांवर घालायचं. सकाळी काढलंही. रबराचा वायसर परत बसवला. दुपारी निघू म्हणून कडं रुमालात बांधत होतो, तर समोर नाना. धरणगावहून मिळेल त्या जीपनं आले होते. सदऱ्याची बटणं खालीवर.

"आबाच्या सुनबाईचा फोन आला," ते म्हणाले. "आबानं पाणी सोडलंय. गाडी काढ."

मी घड्याळ बघितलं. दोनला दहा कमी.

"नाना, आपण एस.टी.नं जाऊ."

"एस.टी.नं गेलो तर दारातून परत पाठवेल तो मला. मरता मरता पाठवेल, तू ओळखत नाहीस त्याला." बोलता बोलता त्यांचं बोट एरियलच्या बुडाशी गेलं आणि थांबलं. "हे रबर का? कडं बसवलं म्हणून निरोप धाडलास ना?"

मी सगळं सांगितलं. पूल, काच, खोकला. आयुष्यात पहिल्यांदा एक शब्द पदरचा न घालता सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आज नको रे, पल्हाद. आज थापा नको." आवाज रागाचा असता तर बरं झालं असतं. नव्हता. "कडं बसव."

बसवलं. दुसरं काय करणार होतो?

नाना गाडी चालवत होते, मी शेजारी. गिरणेच्या पुलाआधीच त्यांनी रेडिओ लावला. "आबाच्या दारात वाजत गेला पाहिजे." व्हॉल्व्ह तापले आणि घरघर सुरू झाली. नानांना ती नुसती खरखर वाटली, कारण आमचं इंजिन आणि रेडिओतलं इंजिन एकात एक मिसळून गेलेलं. मला मात्र फरक कळत होता. पुलाचा पहिला ठोका रेडिओत पडला... आणि मग आमच्या चाकांखाली. दुसरा रेडिओत, मग आमच्या खाली. ती आमच्या पुढे होती, दोन-चार सेकंद. आमच्यासमोर रस्ता मोकळा होता आणि त्या मोकळ्या रस्त्यावर कोणी तरी आमच्या आधी प्रत्येक खड्डा घेत चाललं होतं.

पारोळ्याला मी म्हणालो, चहा घेऊ. नाना म्हणाले, परत येताना. इंजिन तापलंय म्हणालो. काटा बघ, म्हणाले. मुकटी आली. लिंबाची झाडं संपली की पुढे ते वळण दिसायला लागतं. आणि वळणावर कपाशीचा ट्रक, समोरून येणारा, बाजूंना गठ्ठ्यांची पोटं सुटलेली.

इथपर्यंत लिहून मी दोन दिवस थांबलो होतो. आता लिहूनच टाकतो.

त्या गाडीची वायरिंग माझ्या हातची. डॅशबोर्डच्या खाली इग्निशनच्या स्विचची वायर नेमकी कुठे आहे ते मला न बघता माहीत. मी पायाला खाज आल्यासारखा वाकलो आणि दोन बोटांनी ती ओढून काढली.

इंजिन गेलं. टायर खडीवर घरंगळत थांबले. ट्रक आला, आपल्या बाजूनं, अगदी शहाण्यासारखा. ड्रायव्हरनं जुनी गाडी बघून कौतुकानं हात वर केला आणि निघून गेला. धूळ बसली. नाना स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मग खोकले. तीन वेळा, लांब श्वास, 'हं'.

तेव्हा मला कळलं की काल मी काय ऐकलं होतं. मरण नव्हतं ते. मी वायर काढली होती, ते ऐकलं होतं.

रेडिओला मी बॅटरीवरून सरळ लाइन दिली होती, तो चालूच होता. आणि त्यातली गाडी थांबलेली नव्हती. वळणावर तिनं गिअर बदलला, वळण घेतलं आणि पुढे निघाली. आता आमचं इंजिन बंद होतं, त्यामुळे नानांनाही स्वच्छ ऐकू येत होतं.

"हे काय आहे?" ते म्हणाले.

मी खाली उतरलो, बोनेट उघडलं, आत डोकं घालून बसलो. काय बघत होतो ते विचारू नका. वायर आत होती, डॅशबोर्डखाली, आणि ती लावायला दोन श्वास पुरले असते. पण लावली नाही. आणि खरं सांगू? ती गाडी आधी पुढे जाऊ दे, लांब जाऊ दे, असंच मला वाटत होतं. मागून नानांचा आवाज आला, "फागणं गेलं बहुतेक." काही वेळानं, "हा बाजार कुठला?" मग, "पल्हाद... हा पांझरेचा पूल."

मी येऊन दारापाशी उभा राहिलो. रेडिओतली गाडी गल्ल्यांतून चालली होती. लहान मुलांचा आवाज, कोणाच्या घरी कुकरची शिट्टी. मग ती थांबली. हॉर्न वाजला, दोन लांब, एक आखूड.

नानांचा चेहरा बदलला. "आम्ही असाच वाजवायचो," ते म्हणाले. "एकमेकांना बाहेर बोलवायला."

रेडिओत चपलांचा आवाज. हळू, फरफटत. मग कोणी तरी काचेजवळ वाकून बोलावं तसा म्हाताऱ्या माणसाचा आवाज, "आलास का रे धाकल्या?"

"आबा," नाना रेडिओला म्हणाले. "आबा, नको बसू. मी नाही तो. मी मागे आहे, आबा."

आतून कोणी तरी, फार सौम्य आवाजात म्हणालं, "बसा."

दार उघडलं. गादीच्या स्प्रिंगा दबल्या. दार लागलं. गाडी निघाली, आणि यानंतर मला एकाही खड्ड्याचा, एकाही पुलाचा आवाज आला नाही. चाकांखाली रस्ता असल्याचाच आवाज नव्हता. मग खरखर झाली आणि जळगाव केंद्रावरचे कपाशीचे बाजारभाव सुरू झाले.

मी वायर लावली. "लूज झाली होती," म्हणालो. नानांनी गाडी सुरू केली. थेट देवपूर गाठलं.

घरासमोर माणसं जमलेली. आबांची सून दारात होती, नानांना बघून तिचा चेहरा गोंधळला. म्हणाली, "नाना, तुम्ही आत्ता येऊन गेलात ना?" मग तिनंच सांगितलं. हॉर्न सगळ्यांनी ऐकला. महिनाभर कुशीवर न वळलेला माणूस उठला, कोणाला हात न लावता फाटकापर्यंत चालत गेला. फाटकाबाहेर काही नव्हतं, गाडी नव्हती, नुसती धूळ उडत होती. आबांनी पुढे हात करून, हवेत, कमरेच्या जरा वर, बोट गोल फिरवलं. हसले. सुनेला म्हणाले, "लावलं बघ त्यानं. तेच आहे." मग गाडीत बसताना वाकतो तसे वाकले, आणि तिथेच गेले.

नाना आबांजवळ बसले. आबांचा उजवा हात धरून पहिलं बोट कितीतरी वेळ आपल्या अंगठ्यानं चोळत होते.

तिसऱ्या दिवशी मी कडं घेऊन भिकनमामाकडे गेलो. त्यानं हातात घेतलं नाही. "आते काय उपेग," म्हणाला. "पोहची गयी ती." मला ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्यानं मला चहा पाजला.

नाना पुढे सहा वर्षं जगले. रेडिओत त्यानंतर काही आलं नाही. जळगाव केंद्र, बाजारभाव, भजनं. नाना मला आठवणीनं बोलवायचे, गाडीत शेजारी बसवायचे, आणि दर वेळी कधी ना कधी तो प्रश्न यायचाच.

"पल्हाद, आपण थांबलो नसतो तर पोचलो असतो का रे?"

"कोणास ठाऊक, नाना."

"ती वायर निघाली कशी?"

"खड्ड्यानं, नाना. रस्ता कसला होता, बघितलात ना."

ते मान डोलवायचे. माझं बोलणं नेहमी गाळून घेणारा माणूस, पण ही एक गोष्ट त्यांनी कधी गाळली नाही. जशीच्या तशी घेतली. सहा वर्षं.

वाचकांपैकी कोणी जाणकार असतील तर सांगा. ती कोणाची गाडी होती, आत बसा म्हणणारा कोण, आबांचं बोट त्या हवेत कशावरून फिरलं... मी खूप जणांना विचारलं, स्वतःच्या डोक्यालाही ताण दिला. या सगळ्यातलं वायरचं तेवढं मला माहीत आहे. ती माझ्या दोन बोटांत होती.